पुढचं स्टेशन, पण कुणाच्या शब्दांत? सिंगापूरच्या पाट्यांची गोष्ट

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळले ते काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

कुणी लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असेल, कुणी फोन ओट्यावर ठेवून भांडी घासत असेल. आजचा विषय तुमच्या रोज कानावर पडतो. ‘पुढील स्टेशन... अगला स्टेशन...’ आपण फोनमध्ये डोकं घालून असतो, त्यामुळे तो आवाज ऐकूनही ऐकत नाही. पण त्याच आवाजाच्या भरवशावर घराबाहेर पडणारी माणसं असतात, आणि त्यातली एक माझी आजी.

आजी परळच्या चाळीत चाळीस वर्षं राहिली. आजोबा गिरणीत होते. ते गेल्यावर ती आमच्याकडे मालाडला आली, पण तिची बहीण अजून तिकडेच. त्यामुळे महिन्यातून एकदा आजी एकटी निघायची. मालाडहून स्लो लोकल, एल्फिन्स्टनला उतरायचं, पूल ओलांडायचा की बहिणीचं घर. आजी त्याला ‘एल्फिस्टन’ म्हणते. मधला ‘न’ तिने कधीच उच्चारला नाही.

जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. आजीला ही बातमी आम्ही कुणीच नीट सांगितली नव्हती. त्यानंतर ती पहिल्यांदाच निघाली, दादर गेलं, ती उठून दारापाशी आली, आणि आवाज आला, ‘पुढील स्टेशन प्रभादेवी’. आता तिच्या डोक्यात काय झालं बघा. दीड वर्षापूर्वीच जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये राम मंदिर नावाचं नवीन स्टेशन सुरू झालं होतं. तिला वाटलं, तसंच हेही नवीन आलं असेल, आपलं याच्या पुढे. गर्दीत बाहेरचं काही दिसत नव्हतं. ती उतरली नाही. उतरली ती लोअर परळला, आणि प्लॅटफॉर्मवर उभी राहून एका मुलीला म्हणाली, ‘बाळा, एल्फिस्टन कुठं गेलं गं?’

त्या मुलीने आम्हाला फोन लावून दिला. अर्ध्या तासात सगळं ठीक झालं. चूक कुणाचीच नव्हती. पण त्यानंतर आजी एकटी कधी गेली नाही.

मला यात एक गोष्ट खटकत राहिली. आपण म्हणतो की पाट्या मराठीत असल्या की आपल्या माणसांची सोय होते. बरोबरच आहे. पण इथे इंग्रजी नाव जाऊन मराठी नाव आलं होतं, घोषणा मराठीत होती, आजीची मातृभाषा मराठी, आणि तरी ती चुकली. तिच्यासाठी प्रभादेवी म्हणजे देवीचं देऊळ, आणि ते तर स्टेशनपासून बरंच लांब आहे.

मग म्हाताऱ्या माणसाला रस्ता सापडायला नक्की काय लागतं? भाषा? लिपी? की अजून काही?

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी मी तीन आठवडे सिंगापूरला होते. तिथल्या मेट्रोत पाट्यांवर इंग्रजी, चिनी, तमिळ असं सगळं बघून मला वाटलं, वा, यांनी हा प्रश्न सोडवलाय की! मग तिथला इतिहास वाचायला लागले. त्या देशाने हाच प्रश्न आधी स्वतः तयार केला, आणि मग तीस-चाळीस वर्षं तो निस्तरला. तर आज ती गोष्ट.

एक रस्ता, चार नावं

सिंगापूर म्हटलं की आपल्याला चकाचक शहर आठवतं. थोडं मागे जाऊ. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या स्टॅमफर्ड रॅफल्सने तिथे व्यापाराचं ठाणं उभं केलं. मलय लोक तिथे होतेच. दक्षिण चीनमधून लोक आले, पण ते सगळे एक भाषा बोलत नव्हते. कुणी होक्किएन, कुणी तिओच्यू, कुणी कँटोनीज, कुणी हाक्का, कुणी हैनानीज. सरकारी कागदावर यांना ‘बोली’ म्हणतात, पण होक्किएन बोलणाऱ्याला कँटोनीज कळत नाही. आपल्याकडे मालवणी आणि पुणेरी मराठीत जेवढं अंतर आहे, त्यापेक्षा हे कितीतरी जास्त. मग भारतातून तमिळ आले, शिवाय आपल्या बाजूचे शब्दही पोचले. सिंगापूरच्या एका मोठ्या मेट्रो स्टेशनचं नाव चक्क धोबीघाट आहे! तिथल्या ओढ्यावर भारतीय धोबी कपडे धुवायचे, म्हणून.

इंग्रजांनी रस्त्यांना नावं दिली, पाट्या लावल्या. पण त्या पाट्या वाचणार कोण? लोकांनी आपापली नावं ठेवली. पाटीवर ‘स्मिथ स्ट्रीट’ असायचं, चिनी लोक त्याला ‘नाटकगृहाचा रस्ता’ म्हणायचे, कारण तिथे कँटोनीज ऑपेराचं मोठं थिएटर होतं. ‘सेगो लेन’ला कँटोनीज नाव होतं ‘मेलेल्यांचा रस्ता’. ऐकायला भयंकर वाटतं, पण कारण साधं होतं. घरी जागा नसलेल्या, मरणाच्या दारात असलेल्या गरीब लोकांना शेवटचे दिवस काढायला तिथे घरं होती. आणि सेरांगून रोडच्या भागाला तमिळ लोक चुन्याच्या भट्ट्यांवरून ‘चुन्याचं गाव’ म्हणायचे.

म्हणजे एकाच जागेची तीन-चार नावं, प्रत्येक समाजाची वेगळी. हा घोळ इतका होता की १८९१ मध्ये हॉटन नावाच्या इंग्रजाने या सगळ्या ‘देशी नावांची’ यादीच करून छापली.

मला ही यादी फार आवडली. माझ्या भाषेत सांगायचं तर तो डेटाबेसमधला एलियस टेबल आहे. खरी नोंद एक, पण तिला हाक मारायची नावं अनेक, आणि कुठल्याही नावाने हाक मारली तरी माणूस योग्य ठिकाणी पोचतो. रिक्षा ओढणाऱ्याला ‘नाटकगृहाचा रस्ता’ म्हटलं की बास, पाटी वाचायची गरजच नाही.

घरात एक, शाळेत दुसरी

आता एकदम १९५७ मध्ये येऊ. त्या वर्षीच्या जनगणनेत सिंगापूरच्या सुमारे ३० टक्के लोकांनी मातृभाषा होक्किएन सांगितली, १७ टक्क्यांनी तिओच्यू, १५ टक्क्यांनी कँटोनीज. आणि मँडरिन, म्हणजे आज आपण जिला ‘चायनीज’ म्हणतो ती? ०.१ टक्का. हजारात एक!

१९६५ मध्ये सिंगापूर स्वतंत्र देश झाला. अधिकृत भाषा चार: मलय, मँडरिन, तमिळ आणि इंग्रजी. म्हणजे चिनी वंशाच्या लोकांसाठी जी भाषा निवडली, ती जवळपास कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती.

सरकारची बाजूही समजून घेऊ, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. मुलं शाळेत इंग्रजी आणि मँडरिन शिकायची, आणि घरी येऊन होक्किएन किंवा कँटोनीज बोलायची. म्हणजे डोक्यावर तीन भाषांचं ओझं, आणि बरीच मुलं शाळेतल्या दोन्ही भाषांत मागे पडत होती. शिवाय चिनी समाज आपापसातच वेगवेगळ्या बोलींमध्ये विभागलेला. म्हणून ७ सप्टेंबर १९७९ रोजी पंतप्रधान ली कुआन यू यांनी ‘मँडरिन बोला’ ही मोहीम सुरू केली. संदेश सरळ होता: मँडरिन जास्त बोला, बोली कमी करा.

ती मोहीम नुसत्या पोस्टरवर थांबली नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत रेडिओ आणि टीव्हीवरून बोलीभाषांचे कार्यक्रम हळूहळू बंद झाले. हाँगकाँगच्या कँटोनीज मालिका मँडरिनमध्ये डब होऊन दिसायला लागल्या. तिथे १९४९ पासून रेडिफ्यूजन नावाची सेवा होती, वायरमधून घरोघरी येणारा रेडिओ. त्यावर ली दाई सोर कँटोनीजमध्ये, ओंग तो होक्किएनमध्ये, न्ग चिया केंग तिओच्यूमध्ये गोष्टी सांगायचे. चहाच्या टपऱ्यांवर लोक त्यासाठी थांबायचे. या गोष्टीही बंद झाल्या.

आता एखाद्या साठीच्या बाईचा विचार करा. शाळेत कधी गेली नाही. वाचता येत नाही. तिच्या भाषेतला रेडिओ गप्प झाला, टीव्ही कळेनासा झाला. नातवंडं शाळेतून मँडरिन आणि इंग्रजी घेऊन येतात. पण निदान बाजारात जाता येतं ना? तो रस्ता तर पाठ आहे?

टेक्काचं झूज्याओ

इथे पाट्यांची गोष्ट सुरू होते.

चिनी लिपीची एक गंमत आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपलं अक्षर म्हणजे आवाज. त्यांचं अक्षर साधारणपणे एक शब्द किंवा अर्थ. फोनवर सात हा आकडा दिसला तर मराठी माणूस ‘सात’ म्हणेल, कानडी माणूस ‘एळु’ म्हणेल, तेलुगू माणूस ‘एडु’ म्हणेल. चिन्ह एकच, आवाज वेगळे. चिनी लिपीत असं सगळ्याच शब्दांचं होतं.

सिंगापूरच्या उत्तरेला नी सून नावाचा भाग होता. लिम नी सून हे रबर आणि अननसाच्या बागांचे मोठे तिओच्यू व्यापारी, त्यांच्यावरून नाव पडलं. तिथे नवीन उपनगर उभारताना सरकारने तीच चिनी अक्षरं घेतली, पण उच्चार मँडरिनचा घेतला आणि रोमनमध्ये पिनयिन पद्धतीने लिहिला. नी सूनचं झालं यीशुन. तसंच आउकांगचं झालं होउगांग. ज्याला चिनी अक्षरं वाचता येतात, त्याच्यासाठी काहीच बदललं नाही. पण ज्याला फक्त कान आहेत, त्याच्यासाठी ते गाव नकाशावरून पुसलंच गेलं.

आणि सगळ्यात गाजला तो टेक्का बाजार. आज ज्याला लिटल इंडिया म्हणतात, तिथला हा मोठा बाजार. मासे, मटण, भाजी, फुलं, साड्या, सगळं. ‘टेक्का’ हा मूळ होक्किएन शब्द. तिथल्या कालव्याकाठी बांबू होते, त्यावरून ‘बांबूंच्या पायथ्याशी’ असा काहीसा अर्थ. मलय लोक त्याला ‘म्हशींचा गोठा’ अशा अर्थाचं नाव घ्यायचे, कारण त्या भागात गुराढोरांचा धंदा होता. पण टेक्का म्हटलं की तमिळ मासेवाला, मलय गिऱ्हाईक, चिनी भाजीवाली, सगळ्यांना कळायचं. मुळात शब्द कुणाचा का असेना, तो आता सगळ्यांचा झाला होता.

१९८२ मध्ये बाजार रस्त्याच्या पलीकडच्या नव्या इमारतीत गेला. नाव दिलं झूज्याओ सेंटर. तीच अक्षरं, मँडरिन उच्चार.

जरा मोठ्याने म्हणून बघा. झू-ज्या-ओ. लोकलमध्ये असाल तर मनात म्हणा! तमिळ आणि मलय लोकांना तो उच्चार जमेना, रोमनमध्ये लिहिलेला वाचता येईना. आणि ज्या चिनी म्हाताऱ्या माणसांच्या नावाने ही सगळी सुधारणा चालली होती, त्यांनाही तो शब्द परका होता. लोक टेक्काच म्हणत राहिले. अठरा वर्षं पाटीवर एक आणि तोंडात एक असं चाललं. शेवटी २००० मध्ये नाव परत टेक्का सेंटर केलं गेलं.

आम्ही वेबसाइटवरच्या एखाद्या पानाचा पत्ता बदलतो ना, तेव्हा जुना पत्ता लगेच मारत नाही. जुन्या लिंकवर कुणी क्लिक केलं तर त्याला आपोआप नव्या पानावर नेऊन सोडतो. त्याला रिडायरेक्ट म्हणतात. ते विसरलं तर लोकांना ‘पान सापडत नाही’ असं दिसतं. एल्फिन्स्टन नंतरच्या प्लॅटफॉर्मवर माझ्या आजीला तेच दिसलं.

कंडक्टर गेला, घोषणा आली

अजून एक बदल याच काळात होत होता. सिंगापूरच्या बसमधून १९७० आणि १९८० च्या दशकांत कंडक्टर हळूहळू गेले. आपल्याला वाटेल, त्यात काय, तिकिटाचं मशीन आलं. पण एसटीतला सीन आठवा. म्हातारी बाई चढते आणि पहिलं वाक्य काय असतं? ‘दादा, नाका आला की सांगा बरं का.’ तिकीट नंतर. कंडक्टर ही चालती-बोलती पाटी असते. त्याला जुनी नावं माहीत असतात, वडाचं झाड माहीत असतं, आणि समोरच्याचं बोलणं बघून तो आपलं बोलणं बदलतो.

७ नोव्हेंबर १९८७ रोजी सिंगापूरची मेट्रो सुरू झाली, पहिल्या दिवशी फक्त पाच स्टेशनं. डब्यात पुढच्या स्टेशनाचं नाव इंग्रजीत ऐकू यायचं. आता अडचण बघा. काही स्टेशनांचं चिनी नाव हे इंग्रजी नावाचाच उच्चार असतो. पण काहींचं भाषांतर असतं. ‘सिटी हॉल’ला मँडरिनमध्ये ‘सरकारी इमारत’ अशा अर्थाचं नाव आहे, आणि लिटल इंडियाला ‘छोटा भारत’. ज्या आजोबांना ‘सरकारी इमारत’ हेच नाव माहीत आहे, त्यांना ‘सिटी हॉल’ असा पुकारा ऐकून काय कळणार?

२०१२ मध्ये मेट्रो चालवणाऱ्या कंपनीने प्रयोग म्हणून स्टेशनांची नावं इंग्रजीबरोबर मँडरिनमध्ये सांगायला सुरुवात केली. कारण दिलं: इंग्रजी न कळणारे वयस्कर चिनी प्रवासी. लगेच तमिळ भाषिकांकडून प्रश्न आला, मग आमच्या वयस्कर माणसांचं काय? प्रश्न रास्त होता. त्याच वर्षी पुढे प्रयोग चारही भाषांत झाला. त्यावर दुसऱ्या बाजूने तक्रार आली की किती वेळ बोलतोय हा स्पीकर, कानाला त्रास होतो.

ही तक्रार आपल्याकडेही ऐकू येते, आणि खोटं कशाला बोलू, मीही केलीय. सकाळी आठच्या लोकलमध्ये तीन-तीनदा तेच नाव. पण आता मी असा विचार करते की त्या तीनपैकी दोन वेळा ती घोषणा माझ्यासाठी नसतेच. ती कुणा दुसऱ्यासाठी असते, आणि तो माणूस कदाचित माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन कान देऊन बसलेला असतो.

शनी कुठून आला?

चार भाषा लिहिल्या की काम झालं असंही नाही. हा किस्सा माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांनी लक्षात ठेवावा असा आहे.

सिंगापूरमध्ये लाउ पा सात नावाचं जुनं, लोखंडी खांबांचं सुंदर मार्केट आहे. नावाचा अर्थ ‘जुना बाजार’. त्यातला ‘पा सात’ हा शब्द आला मलय ‘पासार’वरून, आणि तो आला फारसी ‘बाजार’वरून. म्हणजे आपल्याच ओळखीचा बाजार, फक्त वाटेत दोन बोटी बदलून आलेला. २०१४ मध्ये तिथे जायचा रस्ता दाखवणाऱ्या पाटीवर तमिळ नावात घोळ निघाला. रोमनमधलं ‘सात’ हे इंग्रजी ‘सॅटर्डे’चं लघुरूप समजून त्याचं तमिळ केलं होतं ‘सनि’. सनि म्हणजे आपला शनी! म्हणजे पाटी सांगत होती, ‘लाउ पा शनी’. लोकांनी फोटो काढले, हसले, पाटी काढली गेली.

हसू येतं, पण ती पाटी बनवून, रंगवून, खांबावर चढवेपर्यंत तमिळ वाचणाऱ्या एकाही माणसाने ती वाचली नव्हती असं दिसतं. भाषा पाटीवर होती, ती भाषा बोलणारं माणूस त्या कामात नव्हतं.

समुद्रापलीकडची तीच होक्किएन

आता थोडा वेळ सिंगापूर सोडून तैवानला जाऊ, कारण तिथेही बहुसंख्य लोकांच्या घरात होक्किएनचंच एक रूप बोललं जातं, आणि तिथेही सरकारने मँडरिन लादली होती. १९४९ ते १९८७ तिथे लष्करी कायदा होता. शाळेत घरची भाषा बोललं तर मुलांना दंड व्हायचा, गळ्यात पाटी अडकवली जायची.

लोकशाही आल्यावर त्यांनी काय केलं? २००० मध्ये एक कायदाच केला, सार्वजनिक वाहनांमधल्या घोषणांच्या भाषांना समान हक्क देणारा. त्यामुळे तैपेईच्या मेट्रोत बसलात तर स्टेशनचं नाव मँडरिनमध्ये येतं, इंग्रजीत येतं, होक्किएनमध्ये येतं आणि हाक्कामध्येही येतं. हाक्का बोलणारे तिथे अल्पसंख्य आहेत, तरीही. एका पिढीच्या गळ्यात पाटी अडकवली होती, त्याच पिढीला म्हातारपणी स्पीकरवर आपल्या उच्चारात आपलं स्टेशन ऐकू यायला लागलं.

सिंगापूरच्या मेट्रोत आजही अधिकृत भाषा चारच आहेत, होक्किएन त्यात नाही.

‘जेवलात का?’

पण सिंगापूरलाही वळावं लागलं. बोली विसरण्याचा वेग बघा. १९९० मध्ये चिनी वंशाच्या साधारण निम्म्या लोकांच्या घरात मुख्यतः बोली बोलली जायची. २०१० मध्ये हे प्रमाण १९ टक्क्यांवर आलं. मोहीम यशस्वी झाली म्हणायची. फक्त उरलेल्यांत मोठा वाटा म्हाताऱ्यांचा होता.

२०१४ मध्ये सरकारने ‘पायोनियर पिढी’साठी योजना आणली. १९४९ पर्यंत जन्मलेले, देश उभारणारे सुमारे साडेचार लाख नागरिक, त्यांना औषधोपचारात सवलत. पण ज्यांच्यासाठी योजना, त्यांना ती कळेल कुठल्या भाषेत? मग टीव्हीवर, ज्या टीव्हीवरून तीस वर्षांपूर्वी बोली हटवल्या होत्या, त्याच टीव्हीवर सरकारी जाहिराती होक्किएन आणि कँटोनीजमध्ये आल्या. २०१६ मध्ये तर सरकारच्या पुढाकाराने चक्क होक्किएन मालिका आली. तिच्यातून ज्येष्ठांच्या योजनांची, फसवणुकीपासून सावध राहण्याची माहिती गोष्टीतून सांगितली. मालिकेचं नाव होतं, ‘जेवलात का?’ आपल्याकडे आजी फोनवर पहिलं हेच विचारते ना? तिकडेही तसंच.

पाट्यांच्या बाबतीतही एक वेगळी वाट निघाली. केबुन बारू नावाच्या वस्तीत एकसारख्या उंच इमारती आहेत, ओळखायच्या फक्त नंबरवरून. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना आपली इमारत सापडेना. तेव्हा तिथे भिंतींवर ठळक रंगात, मोठ्या आकाराची, जुन्या काळातल्या ओळखीच्या वस्तूंची चित्रं काढली. ज्याला नंबर आठवत नाही, त्याला चित्र आठवतं. ही पाटी वाचायला कुठलीच भाषा लागत नाही.

परत आपल्या स्टेशनवर

तर माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाला मला हे उत्तर मिळालं. म्हाताऱ्या माणसाला रस्ता सापडतो तो त्याच्या ओळखीच्या नावाने. ते नाव कधी मातृभाषेतलं असतं, कधी नसतं. टेक्का तमिळ माणसाच्या मातृभाषेतला शब्द नव्हता. एल्फिस्टन आजीच्या मातृभाषेतला नव्हता. पण ज्या दिवशी ते पुसलं, त्या दिवशी त्या माणसाचा रस्ता पुसला. नावं बदलू नका असं मी म्हणत नाही. नावं बदलतात, त्यामागे कारणं असतात, आणि त्यावर वाद घालायला हा एपिसोड नाही. मी एवढंच म्हणतेय की जुन्या नावावरून नव्या नावाकडे नेणारा एक धागा काही वर्षं तरी ठेवायला हवा. ‘पुढील स्टेशन प्रभादेवी, जुनं नाव एल्फिन्स्टन रोड.’ चार शब्द जास्त.

आणि आपल्याकडे चांगल्या गोष्टी नाहीत असं नाही. शीव स्टेशनची पिवळी पाटी नीट बघा. मराठीत शीव, हिंदीत सायन, मग इंग्रजी. लिपी एकच देवनागरी, तरी दोन वेगळी नावं, आणि दोन्ही वापरणाऱ्यांची सोय. तसंच वांद्रे आणि बांद्रा. आपण यावर मीम बनवतो, पण हा एक छोटा एलियस टेबलच आहे. बेस्टच्या बसवर समोरून देवनागरी आकडे असतात, बाहेरून आलेली माझी मित्रमंडळी त्यावरून वैतागतात. पण माझी आजी चौथीपर्यंत शिकलेली, तिला लांबून फक्त तोच आकडा वाचता येतो.

आजीचं पुढे काय झालं? लोअर परळच्या त्या दिवसानंतर आम्ही तिला म्हणायचो, ‘आता गाडीनेच सोडू.’ पण सोडायला वेळ कुणाला? बहिणीची भेट महिन्याची तीन महिन्यांवर गेली. मग मी एक कागद केला. मोठ्या अक्षरात, तिच्या शब्दांत. ‘मालाड. मग गोरेगाव. मग राम मंदिर (नवीन)...’ असं करत, ‘दादर. मग प्रभादेवी, म्हणजेच आपलं एल्फिस्टन. इथं उतर.’ मधला ‘न’ मी लिहिला नाही.

कागद तिने पाकिटात ठेवलाय. पहिल्या वेळी मी बरोबर गेले, पण बोलायचं नाही असं ठरलं होतं. दादर गेलं. घोषणा झाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पिशवी उचलली आणि उतरली. एकटी जायला अजून तयार नाही. म्हणते, पावसाळा संपला की बघू.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, ते कुठल्या स्टॉपला, नाक्याला, स्टेशनला काय म्हणतात. नवीन नाव त्यांना माहीत आहे का तेही विचारा. त्यांच्या शब्दांत एक कागद करून द्या, किंवा तुमच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि जी जुनी नावं सापडतील, ती मला पाठवा. पुरेशी जमली तर हॉटनसाहेबांसारखी आपणही एक यादी करू.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, जेवलात का?